बेळगाव भागात आदिमानवाची हत्यारं ठरावीक ठिकाणीच का सापडतात?

घटप्रभाकाठ

इथल्या एका जुन्या धाग्यावर "बेळगावचा इतिहास हलशीच्या कदंबांपासून" असं एकानं ठासून लिहिलं होतं. त्याला दुसऱ्यानं वडगाव-माधवपूरच्या उत्खननाचं उत्तर देऊन इतिहास सातवाहनांपर्यंत मागे नेला. मला त्याच्याही बऱ्याच मागचं बोलायचंय. तिथं राजा नाही, शिलालेख नाही, मडकंसुद्धा नाही. आहे तो दगड. तेव्हा सुरुवात दगडापासूनच.

निपाणी-चिकोडीकडे पायाखाली काळा दगड, म्हणजे दख्खनचा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बेळगाव-खानापूरला बऱ्याच ठिकाणी त्यावर जांभा चढलेला. गोकाकला पोचलात की दगड एकदम बदलतो. घटप्रभा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली पडते तो कडा वालुकाश्माचा. हा कलादगी खडक, शंभर कोटी वर्षांहून जुना. तोच पट्टा पुढं सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या खिंडीत मलप्रभेला चिंचोळं करतो आणि बदामीपर्यंत जातो. लोकापूर-बागलकोटकडे त्यातच चुनखडक. कित्तूर-बैलहोंगलला धारवाडी खडक, तो तर सगळ्यांचा पणजोबा. निपाणीत चहा पिऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी हे सगळं पायाखाली घालू शकतो.

आता रॉबर्ट ब्रूस फूट. मद्रासजवळ पल्लावरमला १८६३ साली त्याला पुराश्मयुगीन हत्यार सापडलं हे स्पर्धा परीक्षावाल्यांना पाठ असतं. पण हा भूगर्भ खात्याचा माणूस नंतर आपल्या भागात फिरला, दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्याचा अहवाल १८७६ साली निघाला, आणि मलप्रभा-घटप्रभेच्या खोऱ्यांतली दगडी हत्यारंही त्यानंच आधी नोंदवली. पुढं डेक्कन कॉलेजच्या आर. व्ही. जोशींनी १९५०च्या दशकात मलप्रभेचं खोरं पिंजून काढलं. त्यानंतर आर. एस. पप्पूंनी कृष्णेचं वरचं खोरं. मलप्रभेवरचं ख्याड, घटप्रभेवरचं अनगवाडी ही नावं त्यातूनच पुस्तकांत आली.

ही ठिकाणं भूगर्भ नकाशावर ठेवून बघा. कलादगी खडकाच्या अंगाखांद्यावर आहेत. माझं म्हणणं एवढंच की माणूस दगडांच्या सांध्यावर राहत होता. जिथं एक खडक संपून दुसरा लागतो तिथं. हत्यार एका दगडाचं, पाणी दुसऱ्याच्या कृपेनं, आडोसा तिसऱ्याचा. थोडक्यात, दगडानं माणसाचं जगणं घडवलं. आपला जिल्हा अशा सांध्यांनीच भरलाय. जाणकारांनी भर घालावी.

निपाणीकर

म्हणजे आम्ही काळ्या दगडावरचे आदिमानवाच्या यादीतून बाद? 😀 तंबाखूच्या रानात नांगराला एवढे दगड लागतात, एकपण कामाचा नाही का ओ?

आणि बसाल्टवर हत्यारं नाहीत म्हणता, मग प्रवरेच्या काठचं नेवासं काय? तिकडं तर सगळा काळाच दगड.

भूगोलवाली

निपाणीकर, नेवाश्याचा मुद्दा बरोबर काढलात. तिथं पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी काम केलं, नंतर नेवाश्याजवळ चिरकीला गुडरुन कॉर्व्हिनस यांनी उत्खनन केलं आणि हातकुऱ्हाडी, क्लीव्हर (टोकाऐवजी रुंद धार असलेली हत्यारं) भरपूर मिळाले. पण दगड बघा कुठला. सरसकट लाव्ह्याचा थर नव्हे. लाव्ह्याच्या थरांना चिरत वर आलेली जी भिंत असते, डाइक म्हणतो आपण, तिचा घट्ट बारीक कणांचा दगड त्यांनी पसंत केला. म्हणजे काळ्या दगडाच्या मुलखातही निवड होतीच.

थोडं शिकवणीच्या सुरात लिहिते, सवय आहे. हत्यार करायला दगड नुसता कठीण असून भागत नाही. घाव घातला की शिंपल्यासारखा वक्र छिलका सुटला पाहिजे, आणि तो घाव घालणाऱ्याच्या मर्जीच्या दिशेनं सुटला पाहिजे. क्वार्टझाइट म्हणजे टणक झालेला वालुकाश्म, कलादगीत तो मिळतो. त्यात वाळूचे कण सिलिकानं इतके घट्ट सांधलेले असतात की तडा कणाला वळसा घालत नाही, कणातूनच आरपार जातो. म्हणून धार येते आणि टिकते. साध्या वालुकाश्मात तडा कणाकणांच्या मधून जातो, धार भुरभुरते. जांभ्याला तर धारच नाही, ती सगळी छिद्रं.

बसाल्टची दुसरी अडचण नंतरची आहे. उन्हापावसात त्याच्यावर साल धरते, कडा झिजतात, आणि लाख-दोन लाख वर्षांनी हत्यार आणि नदीतला गोटा यात फरक करणं तज्ज्ञालाही जड जातं. निपाणीच्या रानात काही असेलही. ओळखू येणार नाही, इतकंच.

मात्र तुमच्याच काळ्या दगडानं नंतरच्या लोकांची सोय केली. लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत गारगोटी, चाल्सेडनी, जास्पर भरलेले असतात. दगड झिजला की ते गोटे सुटून ओढ्यात येतात. बोटाच्या पेराएवढ्या धारदार पात्या करायला यांच्यासारखं काही नाही. त्या पात्या लाकडात, हाडात बसवायच्या आणि बाण, विळा तयार. आधीच्या मंडळींना तळहाताएवढं हत्यार हवं होतं, त्यांना हा गोटा पुरायचा नाही. मागाहून हत्यारं बारीक झाली आणि तोच गोटा कामाला आला.

कणकुंबीकर

जांभ्याला धार नाही, मान्य. पण पाणी? त्याचं कुणी बोलेना म्हणून लिहितो.

आमच्याकडे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पाऊस पडला की जांभा तो पिऊन घेतो. खाली पांढरट-गुलाबी चिकण माती असते, तिथं पाणी अडतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. मलप्रभा आमच्या कणकुंबीलाच उगवते, ती अशाच मुलखात. आमच्याकडं वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर गोकाक-अथणीला पाच-सहाशेवर गाडी अडते. दोन्हीकडचा माणूस एकाच पद्धतीनं जगला असेल हे शक्यच नाही.

बरं, हत्यारं सापडली नाहीत म्हणजे माणूस नव्हता असंही नाही. आमची माती आम्लधर्मी. हाडं टिकतच नाहीत. वरून जंगल, पालापाचोळा, जमीन दिसायचीच मारामार.

आणि घाट उतरून गोव्यात जावा. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला त्याच जांभ्यावर बैल, हरणं, एक भलंमोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर तर हत्तीएवढी चित्रं. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हत्यार होत नाही तो दगड त्यांनी चित्राला घेतला. पावसाळ्यानंतर सडा उघडा, सपाट, पायाखाली मैलभर मोकळा. चित्र काढायला याहून मोठी जागा कुठली मिळणार?

शंकेखोर

धागा छान चाललाय, पण मला दोन ठिकाणी थांबायचंय.

पहिलं. हत्यारं "कलादगीच्या अंगाखांद्यावर" सापडतात की शोधणारे तिथंच शोधत होते? फूट भूगर्भतज्ज्ञ. जोशी आणि पप्पू नदीकाठची कापलेली दरड बघत फिरले, कारण तिथंच थर दिसतात. अथणी-रायबागच्या दहा-वीस फूट काळ्या मातीखाली काय गाडलंय ते कुणी बघितलंय? विहीर खणताना जे निघतं ते बांधावर जातं, विषय संपला.

दुसरं. "दगडानं माणसाचं जगणं घडवलं" हे वाक्य ऐकायला भारदस्त, पण दगड काही करायला भाग पाडत नाही. जांभाच घ्या. कोकण-गोव्यात त्यावर चित्रं कोरली. केरळात लोहयुगातल्या लोकांनी त्याच जांभ्यात आख्खी थडगी कोरली, घुमटासारखं छत, आत ओटा. दगड तोच, माणसं वेगळी, काम वेगळं. मग घडवलं कुणी कुणाला?

घटप्रभाकाठ

शंकेखोर, पहिल्या मुद्द्यावर वाद नाही. नकाशावरची रिकामी जागा म्हणजे माणसाची रिकामी जागा नव्हे, कणकुंबीकरांनीही तेच सांगितलं.

दुसऱ्यावर थोडं भांडतो. आपल्या पूर्वेला, आताच्या यादगीर जिल्ह्यातलं हुणसगी-बैचबळचं खोरं घ्या. पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी तिथं उभी हयात घालवली. पाचशेएक चौरस किलोमीटरच्या त्या खळग्यात हातकुऱ्हाडींच्या काळातली दोनशेच्या वर ठिकाणं त्यांनी नोंदवली. तिथं मुख्य दगड चुनखडक. शहाबादी फरशी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे ना, त्याच कुळातला, पण सिलिका मुरून टणक झालेला. इसामपूरला तर त्यांना खाणच सापडली. जमिनीतून वर आलेल्या लाद्या उचकटायच्या, तिथंच घडवायच्या, निकामी तुकडे तिथंच टाकायचे. तिथल्या जनावरांच्या दातांवरून काढलेला काळ साधारण बारा लाख वर्षं येतो.

पद्दय्यांचं म्हणणं असं की उन्हाळ्यात ही टोळकी खोऱ्यातल्या बारमाही झऱ्यांजवळ गोळा व्हायची आणि पाऊस पडून जागोजागी डबकी भरली की पांगायची. म्हणजे कुणी कुणाला भेटायचं, कधी भेटायचं, पोरांच्या सोयरिकी कुठं जुळायच्या (हे शेवटचं माझं) हे खडकातून पाझरणाऱ्या पाण्यावर बेतलेलं. दगडानं जबरदस्ती केली असं नाही म्हणत मी. पण वेळापत्रक त्याचं होतं.

टाकीचा_घाव

मी पाथरवटाच्या घरातला. आता घरात कुणी टाकी धरत नाही, धाकटा भाऊ ग्रॅनाईट कापायच्या मशीनवर आहे. तरी लहानपणी जे बघितलं त्यावर लिहितो. पुस्तकं वाचली नाहीत, चूकभूल द्यावी घ्यावी.

आजोबा दगड निवडताना आधी हातोडीनं वाजवायचे. चांगला काळा दगड खणखणीत वाजतो. आत चीर असली, सड लागली असली की बद वाजतो. बद वाजला की सोडून द्यायचा, वर कितीही देखणा असू दे. माझी खात्री आहे की हातकुऱ्हाड करणारासुद्धा आधी दगड वाजवत असणार. ही गोष्ट शिकवावी लागत नाही, दहा दगड फुकट घालवले की अकरावा माणूस आपोआप वाजवून बघतो.

गोकाककडचा दगड वेगळा. तो थरांचा आहे, वहीची पानं असावीत तसा. थराच्या फटीत पाचर घातली आणि घण बेतानं मारला तर लादी अख्खी सुटते, एक बाजू आयती सपाट. आडवा मारला तर चुरा. काळ्या दगडाची अशी लादी निघायची नाही, त्याचं डबर होतं नाहीतर खांब.

म्हणून गोकाकजवळ कोण्णूरच्या डोंगरात ज्या दगडी खोल्या आहेत त्या बघून मला आश्चर्य वाटलं नाही. लाद्या उभ्या करून वर एक लादी टाकलेली. लोक पांडवांची घरं म्हणतात. आजोबा म्हणायचे, पांडव असोत नाहीतर आणखी कोण, दगडाची नस ओळखणारे होते.

भूगोलवाली

टाकीचा_घाव, चूकभूल कसली, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही दादा.

त्या खोल्या म्हणजे महापाषाणी, म्हणजे मोठमोठ्या दगडांची थडगी, लोहयुगातली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या अ. सुंदर यांनी या दगडी थडग्यांवर मोठं काम केलं, १९७५ साली त्यांचा ग्रंथ आला. ऐहोळेला मेगुती मंदिराच्या टेकडीवरही अशीच वालुकाश्माची थडगी आहेत. सगळे जण पुलकेशीचा ६३४ सालचा शिलालेख बघून परत फिरतात, मागं जात नाहीत. जावा एकदा. मंदिर बांधणाऱ्यांनी आणि त्यांच्या कितीतरी शतकं आधी थडगी बांधणाऱ्यांनी एकाच टेकडीच्या लाद्या उचलल्यात.

आणि कोप्पळ जिल्ह्यातलं हिरेबेणकल. तिथं ग्रॅनाईट. त्याला वालुकाश्मासारखे थर नाहीत, पण उन्हानं तापून-निवून त्याचे पापुद्रे सुटतात. ते उचलून जवळपास चारशे थडगी उभी केलीत, काही माणसाहून उंच. म्हणजे लादी देणारा दगड जिथं, थडग्यांचं गाव तिथं. शंकेखोर, यावर तुमचं काय?

शंकेखोर

माझं असं, की ग्रॅनाईट तर हंपीपासून कोलारपर्यंत आहे. सगळीकडे चारशे थडगी का नाहीत? दगड लागतोच, पण दगड पुरेसा नाही. बाकी हिरेबेणकलला जायचं माझं राहिलंय, हे कबूल.

सीमावासी_६९

चला, आदिमानव कर्नाटकात होता की महाराष्ट्रात हे एकदाचं ठरवून टाका. 😜

संचालक

सीमावासी, त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं आधीच बारा पानं झालीत. इथं फक्त दगड.

सौंदत्तीची_सून

माहेर बळ्ळारी, सासर सौंदत्ती, त्यामुळे दोन्हीकडचे डोंगर बघितलेत. टाकीचा_घाव यांनी दगड वाजवायचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

आमच्या बळ्ळारीजवळ कुपगलच्या डोंगरावर डोलेराइटचे (बसाल्टच्याच कुळातला टणक काळा दगड) मोठे धोंडे आहेत. त्यांना ठरावीक जागी दगडानं मारलं की घंटेसारखा नाद येतो, आणि मारून मारून तिथं वाटीएवढे खळगे पडलेत. शेजारी बैलांची कोरलेली चित्रं, लांब शिंगांची, वशिंडाची. तिथंच संगनकल्लूच्या डोंगरावर नवाश्मयुगातला कुऱ्हाडींचा कारखाना होता. ग्रॅनाईटच्या डोंगरातून डोलेराइटची काळी भिंत गेलीय, तिचा दगड फोडायचा, ओबडधोबड आकार द्यायचा आणि मग खडकावर पाणी घालून घासून गुळगुळीत करायचा. घासायच्या खाचा आजही दिसतात. हत्यारालाही तोच दगड, वाजवायलाही तोच. आता खडीवाल्यांनी त्या भागातले डोंगर खाल्लेत. जुना माणूस दगडाचा तुकडा न्यायचा, आता डोंगरच ट्रकमध्ये.

त्या लोकांचं मुख्य धन गुरं. जनावरं कोंडायची, शेणाचा ढीग साठायचा, तो पेटवायचा, पुन्हा कोंडायची. असं शतकानुशतकं करून राखेचे टेकाड झाले. कुडतिनीचा राखेचा ढिगारा आमच्याकडं प्रसिद्ध आहे. तेलंगणात उटनूरला पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी खणलं तेव्हा राखेच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे निघाले.

आणि त्यांचं खाणं? हुलगे, मूग आणि बारीक भरड धान्यं. आमच्या सासूबाईंना सांगितलं की हुलग्याचं माडगं चार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या धान्याचं आहे, तर म्हणाल्या, मग तूच कशाला नाक मुरडतेस.

कणकुंबीकर

😂 सासूबाईंना नमस्कार सांगा.

हुलग्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. हुलगा माळरानावर, उथळ मुरमाड जमिनीत, एका-दोन पावसावर येतो. काळ्या भारी रानाला नांगर लागतो, आणि पावसाळ्यात त्यात पाय घालायची सोय नाही. नांगर नसलेल्या माणसानं डोंगराच्या कुशीतली हलकी जमीन धरली, यात नवल ते काय. आज ज्याला आपण भारी जमीन म्हणतो ती त्या वेळी बहुधा चराऊ रान होती.

घटप्रभाकाठ

हेच मला म्हणायचं होतं आणि नीट म्हणता येत नव्हतं. सांधा. मागं डोंगर, तिथं पावसाचं पाणी साठणारी कुंडं आणि आडोसा. पुढं काळं रान, तिथं गवत आणि गुरं. मधल्या पट्टीत वस्ती. बदामीजवळ शिडलफडीला वालुकाश्माची नैसर्गिक कमान आहे, तिच्या आडोशाला जुनी रंगीत चित्रं आहेत. तिथून खाली बघितलं की मलप्रभेचं खोरं पसरलेलं दिसतं. शिकार कुठून येतेय ते बसल्या जागी कळणार. वालुकाश्म कड्याच्या पायाशी आतून झिजतो आणि वरचा टणक थर छतासारखा राहतो, म्हणून असे आडोसे होतात. बसाल्टच्या डोंगरात असं आयतं छत क्वचितच.

हिडकलचा_जावई

सगळं वाचून काढलं. माझा छोटा प्रश्न. उन्हाळ्यात घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं पाणी उतरलं की काठानं चिकार गोटे उघडे पडतात. त्यातला एक जांभळट-तांबूस दगड घरी आणलाय. एका टोकाला निमुळता, दोन्ही बाजूंनी छिलके काढल्यासारखा, बुडाला मात्र गोट्याची गुळगुळीत साल तशीच. हातात धरला की ती साल बरोबर तळव्यात बसते आणि निमुळतं टोक पुढं येतं. एका कडेला अजून अंगठा लागला तर टोचतं. ही हातकुऱ्हाड आहे का? फोटो चढत नाहीय, साईट मोठी फाईल घेत नाही म्हणे.

भूगोलवाली

वर्णनावरून क्वार्टझाइट वाटतो आणि दगड बघण्याजोगा नक्कीच आहे. पण फोटोशिवाय हो म्हणणार नाही. हे तपासा. छिलक्यांचे खळगे दोन्ही बाजूंना आहेत का, आणि दोन्हीकडून येऊन एकाच कडेवर भेटतात का? पुरात आपटून फुटलेल्या गोट्यावर एखाद-दुसरा खळगा असतो, तोही वाटेल तिथं. घडवलेल्या हत्यारात खळगे रांगेनं असतात, एकानं दुसऱ्याला थोडं कापलेलं. आणि सगळे खळगे सारख्याच रंगाचे, सारखेच जुने झालेले हवेत. एखादा ताजा पांढरट असेल तर तो ट्रॅक्टरचा किंवा जेसीबीचा प्रताप.

कड बोथट गोल झाली असेल तर दगड लांबून वाहत आलाय. टोचतेय म्हणता, म्हणजे फार लांबून आलेला नाही. ही खूण दगडापेक्षा मोलाची आहे.

शंकेखोर

आणि जावईबापू, आणला तो आणला, आता जिथून उचलला ती जागा नकाशावर खूण करून ठेवा. जागा गेली की दगडाची किंमत शोकेसमधल्या शोभेएवढीच. पुढच्या वेळी शेजारी नाणं ठेवून जागेवरच फोटो काढा, वरून आणि कडेनं, आणि दगड तिथंच असू दे. विकायच्या भानगडीत तर पडूच नका, पुरावस्तूंचा १९७२चा कायदा आहे. धारवाडला पुरातत्त्वाचं कार्यालय आहे, त्यांना कळवा.

हिडकलचा_जावई

खळगे दोन्ही बाजूंना आहेत, मोठे पाच-सहा, कडेला बारीक बरेच. रंग सगळ्यांचा सारखाच. जागा लक्षात आहे, पण आता तिथं दोन पुरुष पाणी आहे. फोटो बारीक करून उद्या टाकतो.

टाकीचा_घाव

वाजवून बघू नका म्हणजे झालं. 😀